यकृतातली चरबी, स्वादुपिंडातली चरबी आणि टाइप २ मधुमेह: रॉय टेलर यांच्या संशोधनाची गोष्ट

लठ्ठपणासाठी जठराची किंवा आतड्यांची शस्त्रक्रिया झालेल्या टाइप २ मधुमेहींमध्ये सर्जन मंडळींना एक गोष्ट फार पूर्वीच दिसली होती. वजन उतरायला कित्येक महिने लागतात, साखर मात्र पहिल्या काही दिवसांतच उतरते. मधुमेहाची औषधं झपाट्याने कमी करावी लागतात, कधी कधी बंदच. वॉल्टर पोरीस या अमेरिकी सर्जनने १९९५ साली आपल्या रुग्णांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यातल्या बहुतेक मधुमेहींची साखर ऑपरेशननंतर नॉर्मल झाली होती आणि वर्षानुवर्षं तशीच राहिली होती.

हे वैद्यकशास्त्राच्या तेव्हाच्या समजुतीत बसत नव्हतं. टाइप २ मधुमेह हा वाढतच जाणारा आजार, हे सर्वमान्य होतं आणि त्याला भक्कम आधारही होता. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात असं दिसलं होतं की निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची क्षमता निम्म्यावर आलेली असते आणि पुढे ती घटतच जाते. म्हणून आधी एक गोळी, काही वर्षांनी दोन, मग तीन आणि शेवटी इन्सुलिनचं इंजेक्शन. रुग्णालाही पहिल्याच भेटीत सांगितलं जाई की आता हे जन्मभराचं. पेशी जर मरतच चालल्या असतील, तर ऑपरेशननंतर आठवड्याभरात त्या उठून कामाला कशा लागतात?

बहुतेक संशोधकांनी उत्तर आतड्यांत शोधलं. ऑपरेशनमुळे अन्नाचा मार्ग बदलतो, त्यामुळे आतड्यांतली काही संप्रेरकं जास्त स्रवतात आणि तीच ही किमया करतात, असा अंदाज होता. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉय टेलर यांना वेगळीच शंका आली. २००६ साली अशा शस्त्रक्रियेवरच्या एका शोधनिबंधातले आकडे त्यांच्यासमोर आले. सातव्या दिवशी उपाशीपोटीची साखर नॉर्मल. टेलर यांची अनेक वर्षं यकृत आणि स्नायू साखरेचं काय करतात हे मोजण्यात गेली होती. त्यांनी विचार केला तो अगदी साधा होता: पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस त्या आठवड्यात जवळजवळ काही खातच नाही. संप्रेरकांकडे जाण्याआधी या उपासाकडे का पाहू नये?

या एका प्रश्नातून पुढची पंधरा-वीस वर्षं जे काम उभं राहिलं, त्याने टाइप २ मधुमेहाकडे पाहण्याची नजर बदलली असं मला मनापासून वाटतं. ते समजून घ्यायचं तर आधी यकृताकडे जायला हवं.

सकाळची साखर येते कुठून?

रात्री आठला जेवून सकाळी सातला उपाशीपोटी रक्त दिलं, तर त्या रक्तातली साखर रात्रीच्या जेवणातून आलेली नसते. जेवणातली साखर तोवर कधीच मार्गी लागलेली असते. पण मेंदूला चोवीस तास ग्लुकोज लागतं, म्हणून जेवण नसतं त्या वेळात यकृत रक्तात थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतं. काही आपल्या साठ्यातून, काही नव्याने तयार करून. किती सोडायचं यावर इन्सुलिनचा लगाम असतो. रक्तात पुरेसं इन्सुलिन असलं की यकृत हात आखडता घेतं.

टाइप २ मधुमेहात हा लगाम सैल पडतो. इन्सुलिन असतं, पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्तच असतं, पण यकृत त्याला जुमानत नाही आणि गरज नसताना रात्रभर ग्लुकोज ओतत राहतं. सकाळी रिपोर्टमध्ये १६० आकडा दिसला की माणूस काल रात्री काय जास्त खाल्लं ते आठवत बसतो. पण तो आकडा बव्हंशी यकृताचा असतो.

यकृत जुमानत का नाही? कारण त्यात चरबी साठलेली असते. शरीराला लागते त्यापेक्षा जास्त ऊर्जा वर्षानुवर्षं पोटात जात राहिली की आधी ती त्वचेखाली साठते. ती जागा अपुरी पडायला लागली की चरबी यकृतात शिरते. शिवाय यकृत स्वतःही साखरेपासून चरबी तयार करतं. जेवणातली साखर एरवी बऱ्याच प्रमाणात स्नायूंमध्ये जाऊन साठते. पण ज्यांना पुढे मधुमेह होणार असतो, त्यांचे स्नायू कित्येक वर्षं आधीपासूनच इन्सुलिनला नीट प्रतिसाद देत नाहीत. मग ती साखर यकृताकडे वळते आणि तिची चरबी बनते.

इथे यकृताचं वागणं मोठं विचित्र आहे. 'ग्लुकोज सोडणं थांबव' हा इन्सुलिनचा हुकूम ते मानत नाही, पण 'चरबी बनव' हा दुसरा हुकूम मात्र मानतं. त्यामुळे एक चक्र सुरू होतं. यकृतात चरबी वाढली की ते इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर किंचित वर जाते, ती आवरायला स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि जास्तीच्या इन्सुलिनमुळे यकृतात आणखी चरबी बनते. हे सगळं रिपोर्ट नॉर्मल असतानाच्या काळात, अनेक वर्षं, काहीही न दुखता चालू असतं.

चरबीने भरलेलं यकृत ती चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडायला लागतं आणि इथून दुसरं चक्र सुरू होतं. ही चरबी शरीरभर फिरते आणि स्वादुपिंडातही साठते. तिथल्या बीटा पेशींना ती मानवत नाही. जेवण सुरू होताच पहिल्या काही मिनिटांत इन्सुलिनचा जो झटपट लोट सुटायला हवा, तो मंदावतो आणि मग जवळजवळ नाहीसाच होतो. जेवणानंतरची साखर जास्त चढते, जास्त वेळ चढलेली राहते, तिला उतरवायला पुन्हा जास्त इन्सुलिन लागतं आणि पहिल्या चक्राला आणखी वेग येतो. एक दिवस बीटा पेशी थकतात. तो दिवस म्हणजे निदानाचा दिवस.

ही मांडणी टेलर यांनी २००८ साली 'डायबेटोलॉजिया' या नियतकालिकात जुळ्या चक्रांचा सिद्धांत म्हणून प्रसिद्ध केली. तिचा मोठेपणा असा की ती खोटी ठरवता येण्यासारखी होती. ती बरोबर असेल, तर ऑपरेशनची गरज नाही. नुसतं खाणं एकदम कमी केलं की यकृतातली चरबी काही दिवसांत उतरायला हवी आणि त्याबरोबर उपाशीपोटीची साखरही. स्वादुपिंडातली चरबी त्यानंतर सावकाश, काही आठवड्यांत उतरायला हवी आणि तसतसा तो इन्सुलिनचा लोट परत यायला हवा. यातलं काहीही चुकलं असतं तर सिद्धांत तिथेच निकालात निघाला असता.

अकरा माणसं, आठ आठवडे

तपासायचं कसं, हा वेगळाच प्रश्न होता. स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असतं. सुई घालून तुकडा काढणं तिथे धोक्याचं, आणि नुसत्या संशोधनासाठी तर अजिबात योग्य नाही. टेलर यांच्या गटाने एमआरआयचा आधार घेतला. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात किंचित वेगळ्या वारंवारतेचा संदेश देतात. त्या फरकावरून अमुक अवयवात चरबी किती टक्के आहे हे सुईशिवाय काढता येतं. यकृत मोठं असतं, तिथे हे तुलनेने सोपं. स्वादुपिंड लहान, वेड्यावाकड्या कडांचं, अवतीभवती चरबीने वेढलेलं आणि प्रत्येक श्वासाबरोबर हलणारं. मोजणी चालू असताना माणसाला श्वास रोखून स्थिर पडून राहावं लागतं, आणि नंतर त्या चित्रात नेमका स्वादुपिंडाचाच भाग निवडणं हे पुन्हा वेगळं कसब.

'काउंटरपॉइंट' नावाच्या या अभ्यासात टाइप २ मधुमेहाची अकरा माणसं होती, सगळ्यांना मधुमेह होऊन चार वर्षांपेक्षा कमी काळ झालेला. आठ आठवडे त्यांनी दिवसाला सुमारे ६०० कॅलरी घेतल्या. त्यात जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेली तयार पेयं आणि जोडीला पिष्टमय नसलेल्या भाज्या, एवढंच. मधुमेहाच्या गोळ्या बंद होत्या.

सात दिवसांत उपाशीपोटीची सरासरी साखर १६६ वरून १०६ वर आली. गोळी नाही, ऑपरेशन नाही. त्याच सात दिवसांत यकृतातली चरबी जवळपास ३० टक्क्यांनी घटली होती आणि यकृत पुन्हा इन्सुलिनचं ऐकू लागलं होतं. आठ आठवड्यांअखेर यकृतातली चरबी १२.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आली. स्वादुपिंडातली चरबी ८ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर उतरली, आणि इन्सुलिनचा पहिला लोट हळूहळू परत येत आठव्या आठवड्यापर्यंत निरोगी माणसांच्या बराच जवळ पोहोचला. वजन सरासरी १५ किलो कमी झालं. २०११ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. अकरा माणसं म्हणजे फार थोडी, हे खरंच. पण सिद्धांतात जो क्रम सांगितला होता त्याच क्रमाने, त्याच वेगाने सगळं घडलं होतं. माझ्या मते या अभ्यासाचं खरं बळ आकड्यांच्या मोठेपणात नाही, या क्रमात आहे.

पुढच्या एका अभ्यासातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या दोन गटांची तुलना केली गेली, एक मधुमेह असलेल्यांचा, दुसरा नसलेल्यांचा. वजन दोन्ही गटांत जवळपास सारखंच उतरलं. पण स्वादुपिंडातली चरबी फक्त मधुमेहींमध्ये कमी झाली. नसलेल्यांमध्ये ती हललीच नाही. म्हणजे मधुमेहींच्या स्वादुपिंडात जी जास्तीची चरबी होती तीच काय ती बाहेर पडली. आणि किती? सुमारे ०.६ ग्रॅम. वजनकाट्यावर दिसणारही नाही एवढी. पण शरीराला ती कुठून काढायची हे सांगता येत नाही. स्वादुपिंडातला तो अर्धा-पाऊण ग्रॅम निघायला एकूण दहा-पंधरा किलो उतरवावे लागतात.

मग बीटा पेशींचं काय? त्या मेलेल्या असत्या तर आठ आठवड्यांत परतल्या नसत्या. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठात डोमेनिको अचिली यांच्या गटाने २०१२ साली उंदरांवर दाखवलं की ताणाखाली बीटा पेशी मरण्याऐवजी पुष्कळदा आपली ओळख आणि आपलं काम सोडून देतात. जिवंत असतात, पण इन्सुलिन बनवत नाहीत. ताण हटला तर काही पेशी कामावर परततात. टेलर यांच्या रुग्णांत जे दिसत होतं त्याच्याशी हे जुळत होतं. नंतरच्या मोजणीत आणखी एक गोष्ट कळली. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंड आकाराने लहान झालेलं असतं आणि त्याच्या कडा ओबडधोबड झालेल्या असतात. ज्यांची साखर दोन वर्षं नॉर्मल राहिली, त्यांचं स्वादुपिंड सुमारे एक पंचमांशाने वाढलं आणि कडाही बऱ्याच नीट झाल्या. नादुरुस्त म्हणून आपण सोडून दिलेला अवयव सावकाश का होईना भरून येतो, हे मला विलक्षण वाटतं.

प्रयोगशाळेबाहेर

संशोधन केंद्रात निवडक माणसांकडून करून घेणं वेगळं आणि नेहमीच्या दवाखान्यात करणं वेगळं. म्हणून टेलर आणि ग्लासगो विद्यापीठाचे माइक लीन यांनी मिळून 'डायरेक्ट' हा अभ्यास उभा केला. खर्च 'डायबेटिस यूके' या संस्थेने उचलला. स्कॉटलंड आणि टाइनसाइड (न्यूकॅसलच्या आसपासचा भाग) इथले ४९ कौटुंबिक दवाखाने, ३०६ रुग्ण. मधुमेह होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेला, इन्सुलिन सुरू नसलेला. निम्म्या दवाखान्यांत नेहमीचे उपचार, निम्म्यांत हा नवा कार्यक्रम. चालवणाऱ्या होत्या तिथल्याच परिचारिका आणि आहारतज्ज्ञ.

कार्यक्रम असा. पहिल्या दिवशीच मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद. मग तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरी, त्याही फक्त तयार पेयं आणि सूपमधून. नेहमीचं जेवण पूर्ण बंद. त्यानंतर दोन ते आठ आठवड्यांत एकेक जेवण परत आणायचं आणि पुढे दर महिन्याला भेट. तयार पेयांवर भर देण्याचं कारण व्यवहारी होतं: समोर पर्यायच नसले की 'आज थोडंसं चालेल का' हा दिवसातून दहा वेळा पडणारा प्रश्न उरत नाही. पहिले काही दिवस भूक छळते, मग ती बरीच ओसरते, असा बहुतेकांचा अनुभव होता.

एक वर्षानंतर कार्यक्रमातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह रेमिशनमध्ये गेला होता. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ४ टक्के. रेमिशन म्हणजे मधुमेहाचं कोणतंही औषध न घेता, किमान तीन महिने, एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ६.५ टक्क्यांच्या खाली असणं. कायमचा बरा झाला असा त्याचा अर्थ नाही. साखर मधुमेहाच्या मर्यादेखाली आहे आणि ती औषधाशिवाय आहे, इतकाच अर्थ.

यातली सर्वांत बोलकी आकडेवारी वजनाच्या हिशेबाने मांडलेली आहे. ज्यांचं वजन वाढलं त्यांच्यातल्या एकालाही रेमिशन मिळालं नाही. पाच किलोपर्यंत उतरवणाऱ्यांत ७ टक्क्यांना मिळालं. पाच ते दहा किलो उतरवणाऱ्यांत ३४ टक्के, दहा ते पंधरा किलोत ५७ टक्के, आणि पंधरा किंवा जास्त किलो उतरवणाऱ्यांत ८६ टक्के. 'थोडंसं वजन कमी करा' हा सल्ला मधुमेहींना कायम मिळतो आणि तो चुकीचा नाही, पण दोन-तीन किलोंनी स्वादुपिंड मोकळं होत नाही, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. नाहीतर माणूस तीन किलो कमी करतो, फरक पडत नाही म्हणून खचतो आणि सगळंच सोडून देतो.

कोणता आहार चांगला, यावर खूप वाद चालतात. टेलर यांच्या कामातून मला जे समजलं ते असं की यकृत आणि स्वादुपिंडाच्या दृष्टीने वजन किती उतरलं आणि उतरलेलं राहिलं का, हेच निर्णायक. तयार पेयं हे त्यासाठी वापरलेलं एक साधन आहे. दुसऱ्या मार्गाने तेवढंच वजन उतरलं तर परिणाम तोच.

सगळ्यांनाच फळ मिळत नाही, हेही तितकंच खरं. काही लोकांनी भरपूर वजन उतरवलं, त्यांच्या यकृतातली चरबी गेली, स्वादुपिंडातलीही उतरली, तरी बीटा पेशी जाग्या झाल्या नाहीत. या लोकांना मधुमेह होऊन सरासरी ३.८ वर्षं झाली होती; रेमिशन मिळालेल्यांना सरासरी २.७. फरक थोडा वाटतो, पण दिशा स्पष्ट आहे आणि इतर अभ्यासांतही तीच दिसते. जितका जुना मधुमेह, तितकी पेशी परतण्याची शक्यता कमी. दहा-बारा वर्षांनंतरही काहींना रेमिशन मिळालेलं आहे, पण थोड्यांना. म्हणून निदानानंतरची पहिली काही वर्षं 'आत्ता गोळी घ्या, वजनाचं नंतर पाहू' म्हणत घालवणं मला फार खटकतं. ती वर्षं सर्वांत मोलाची असतात.

वजन नॉर्मल, तरी मधुमेह

'मी तर बारीक आहे, मग मला कसा झाला?' हा प्रश्न हमखास येतो. टेलर यांनी ऑक्सफर्डचे ररी होल्मन यांच्यासोबत २०१५ साली त्याचं उत्तर मांडलं: प्रत्येकाची चरबी पेलण्याची मर्यादा वेगळी असते. त्वचेखाली चरबी सुखरूप साठवण्याची जागा एखाद्याकडे मोठ्या कोठारासारखी असते, एखाद्याकडे छोट्या कपाटाएवढी. कोठारवाला १२० किलोचा असूनही त्याचं यकृत स्वच्छ राहू शकतं. कपाटवाल्याची जागा ६५ किलोलाच भरते आणि पुढची चरबी यकृतात जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला स्वतःचाच फोटो इथे आठवतो. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा आणि बीएमआय किती लपवतात, हे समजायला त्या एका फोटोइतकं दुसरं काही लागत नाही.

मर्यादेची ही कल्पना खरी असेल तर बारीक मधुमेहींनाही वजन उतरवून फायदा व्हायला हवा. 'रीट्यून' या अभ्यासात टेलर यांच्या गटाने नेमकं हेच तपासलं. वीस माणसं, सरासरी बीएमआय २४.८. दिवसाला सुमारे ८०० कॅलरींच्या छोट्या फेऱ्या, प्रत्येक फेरीत पाच टक्के वजन उतरवायचं आणि मध्ये स्थिर राहायचं. वीसपैकी चौदा जणांचा मधुमेह रेमिशनमध्ये गेला. त्यासाठी त्यांना सरासरी साडेसहा टक्के वजन उतरवणं पुरलं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साडेचार किलोंच्या आसपास. यातली यकृताची मोजणी विशेष पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला यकृतात चरबी ४.१ टक्के होती, म्हणजे नेहमीच्या निकषाने 'फॅटी लिव्हर' नाहीच. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर सगळं ठीक असंच लिहून आलं असतं. पण त्या माणसांसाठी ती चरबी जास्त होती, आणि ती १.४ टक्क्यांवर आली तेव्हा साखर उतरली.

पाच वर्षांनी

'डायरेक्ट'मधल्या लोकांचा पुढेही पाठपुरावा झाला. दोन वर्षांनंतर रेमिशन ३६ टक्क्यांवर आलं होतं. पुढे ज्यांना आधार चालू ठेवला, त्यांच्यातले १३ टक्के पाच वर्षांनंतरही रेमिशनमध्ये होते. दोन वर्षांनंतर रेमिशनमध्ये असलेल्यांपैकी साधारण पाव लोकांनी ते पाचव्या वर्षापर्यंत टिकवलं. बाकीच्यांची साखर परतली, आणि कारण जवळपास नेहमी तेच: वजन परतलं. वजन वाढलेल्या लोकांच्या मोजणीत यकृताने रक्तात सोडलेली चरबी पुन्हा वाढलेली आणि स्वादुपिंडातलीही पुन्हा वाढलेली दिसली. दोन्ही चक्रं जशी थांबली होती तशीच पुन्हा सुरू झाली.

या आकड्यांवरून कार्यक्रम फसला असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पाच वर्षांपैकी दोन-तीन वर्षं ज्याची साखर औषधाशिवाय नॉर्मल राहिली, त्याच्या डोळ्यांचा, मूत्रपिंडाचा, नसांचा तेवढा काळ वाचला. पाठपुराव्यात या गटात गंभीर आजारपणंही कमी दिसली. आणि वजन परत चढण्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणं तर अगदीच अन्यायाचं. वजन उतरलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा जपून वापरायला लागतं. त्याच्याशी रोज झगडावं लागतं आणि चोहीकडे खाण्याची आमंत्रणं असतात. माणसाला तीन महिन्यांचा कार्यक्रम देऊन मोकळं सोडायचं आणि नंतर त्यालाच दोष द्यायचा, हे बरोबर नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने हा कार्यक्रम आता नेहमीच्या उपचारांत आणला आहे. तिथे तो पूर्ण करून तपासण्या केलेल्यांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना वर्षाअखेर रेमिशन मिळाल्याचं दिसलं.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड या नव्या इंजेक्शनांनीही भरपूर वजन उतरतं आणि यकृतातली चरबीही कमी होते. ती बंद केली की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढतं. ज्यांना झगडूनही वजन टिकवता येत नाही त्यांच्यासाठी ही मोठी मदत आहे, आणि ती घेण्यात काहीही कमीपणा नाही.

आता हे वाचून कुणी उद्यापासून ८०० कॅलरी सुरू करू नये, म्हणून थोडं सविस्तर. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना खाणं एकदम तोडलं तर साखर धोकादायक इतकी खाली घसरते. माणूस बेशुद्ध पडू शकतो. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेल्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, चालू ठेवून कडक आहार केला तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोनचं विष साठण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या तशाच चालू राहिल्या तर वजन उतरताना रक्तदाब फार खाली जाऊन चक्कर येते. म्हणून कोणती गोळी कधी बंद करायची हे डॉक्टरनेच ठरवायचं, आणि ते पहिल्या दिवसाच्या आधी. टाइप १ मधुमेहात हे काहीही लागू नाही. तिथे बीटा पेशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीनेच नष्ट केलेल्या असतात आणि इन्सुलिन थांबवणं जिवावर बेततं. गरोदरपणात, खाण्याच्या विकारांचा इतिहास असेल तेव्हा, मूत्रपिंड किंवा हृदय फार कमजोर असेल तेव्हाही हा मार्ग नाही. पूर्वी खूप वाढलेली साखर झपाट्याने उतरली तर डोळ्यांच्या पडद्यावर आधीच असलेला बिघाड काही काळ वाढू शकतो, त्यामुळे सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत.

आणि रेमिशन मिळाल्यावर फाइल बंद करू नये. निदान वर्षातून एकदा एचबीए१सी करायचं, डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पावलांची संवेदना पूर्वीसारखीच तपासायची. वजन दोन-तीन किलोंनी वर सरकलं की साखर वाढायची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञाकडे जायचं. 'डायरेक्ट'मध्ये अशा वेळी काही आठवडे पुन्हा तयार पेयांवर जाण्याची सोय मुद्दाम ठेवलेली होती.